पहिल्या साहेबाच्या पायाशी

वायुदलाच्या तळाला लागून असलेल्या त्या लहानशा लष्करी दफनभूमीत माणसे किती पुरलेली आहेत, या एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी हे लिहायला घेतले. दगड किती आहेत हे कोणीही मोजू शकेल. फाटकाजवळच्या पाटीवरही तो आकडा आहे. माणसे किती, हे मात्र पाटीवर नाही. त्याचे उत्तर शोधताना मला वाटलेली भीती मी भूगोल शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत आणि त्यानंतरच्या निवृत्तीतही कधी अनुभवली नव्हती. ती भीती अजून पुरती गेलेली नाही.

जागेचे नाव मी देणार नाही. तसे करण्याची मला मनाई आहे, आणि ती का, हे पुढे येईलच. पण जागा कशी आहे हे समजल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. म्हणून वाचकांनी एका कागदावर आडवा आयत काढावा. खालच्या रेघेवर मधोमध फाटक दाखवावे. फाटकातून आत पाहिले की डाव्या हाताला नाला येतो आणि उजव्या हाताला तळाची उंच काँक्रीटची भिंत, तिच्यावर काटेरी तारांची वेटोळी आणि कोपऱ्यात पहाऱ्याचा मनोरा. आयतात एकामागे एक चार ओळी आहेत, प्रत्येक ओळीत सात दगड. ओळी नाल्याकडून भिंतीकडे जातात. दगड डोक्याशी आहेत आणि मृतांचे पाय फाटकाकडे आहेत. शेवटच्या ओळीच्या पुढे, म्हणजे तिच्या पायांच्या बाजूला, मध्यावर, एक दगडी क्रॉस आहे. एवढी आकृती पुरे.

तिथे महायुद्धाच्या काळात या तळावर मरण पावलेली परदेशी माणसे आहेत; आजूबाजूचे लोक त्यांना साहेब म्हणतात. दगडांवर वय कोरलेले आहे, आणि बहुतेक वये मी दहावीला शिकवलेल्या मुलांपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी आहेत. मी शाळेत जाताना रोज त्या फाटकावरून जात असे, पण आत कधी गेले नव्हते.

मला आत नेले ते मावशींनी. आमच्या शाळेत त्या शिपाई होत्या. अशा बाईंना मुंबईतल्या शाळांत सगळे मावशीच म्हणतात, मुख्याध्यापकसुद्धा. त्या दफनभूमीशेजारच्या जुन्या गावठाणातल्या, मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरातल्या. शाळेत असताना आमचा संबंध घंटा, खडू आणि नकाशे एवढाच होता. निवृत्त झाल्यावर त्या कधीमधी माझ्याकडे येऊन चहा घेऊन जात. मागच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एका दुपारी त्या आल्या आणि चपला काढायच्या आधीच त्यांनी विचारले,

"बाई, तुमी एकट्याच हाव ना?"

"हो. बसा ना."

"बसत नाय. तितं लष्कराचे मसनवट्यान चुना मारलाय. फाटकाला कागद लावलाय, इंग्रजीन. खोदनार हायेत. तुमी चला नि वाचा."

मी म्हटले, "मावशी, चहा तरी घ्या. तुमचं तिथे कोण आहे?"

त्या उभ्याच राहिल्या. मग त्यांनी दार लावून घेतले, माझ्याच घराचे दार, आणि सांगितले.

त्यांचे पहिले मूल मुलगी होती. ती जन्मल्यावर काही तासच जगली. बाप्तिस्मा व्हायच्या आत गेली. त्या काळी अशा बाळाला चर्चच्या दफनभूमीत जागा मिळत नसे. तसे त्यांना स्पष्ट सांगण्यात आले. मावशींचे यजमान तेव्हा लष्करी दफनभूमीत गवत कापायला जात. त्यांनी पहाटे बाळाला सफरचंदांच्या लाकडी खोक्यात ठेवले, नेले आणि तिथे पुरले. कोणाला विचारले नाही. मावशी बाळंतिणीच्या खाटेवर होत्या. त्यांना जाता आले नाही. घरी आल्यावर यजमानांनी जे सांगितले ते मावशींनी मला त्याच शब्दांत सांगितले:

"'शेवटचे लायनीन, भिंतीकरशी पयले सायबाचे पायाशी ठेवलीय. साहेब हाय तिचेवर ध्यान ठेवायला.' बस. परत कवा त्यानं तोंडातून काडलं नाय. मेला तरी नाय. माजे पोरांना पन माहीत नाय."

"इतकी वर्षं?"

"आता फादर तसं बोलत नायत. आता सगल्यांना घेतात. पन तवा जे बोलले ते माजे कानान बसलंय ना, बाई." आणि मग, एकदम कडक आवाजात, "तुमी कोनाला बोलायचं नाय."

मी वचन दिले. ते मी आठवडाभरही पाळू शकले नाही.

दरवर्षी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, गावठाणातली माणसे चर्चच्या दफनभूमीत मेणबत्त्या आणि झेंडूची फुले घेऊन जातात. त्या दिवशी लष्करी दफनभूमीचे फाटकही दुपारपर्यंत उघडे असते. यजमान गेल्यापासून मावशी घरच्यांचे सगळे आटोपून एकट्या इकडे येत आणि शेवटच्या ओळीतल्या भिंतीजवळच्या दगडासमोर, पायांच्या जागी, एक मेणबत्ती लावीत. कोणी विचारले तर म्हणत, परक्या मुलखात मेलेला पोरगा आहे, त्याला कोण आहे?

ऑक्टोबरातल्या त्या दुपारीच आम्ही रिक्षाने गेलो. डागडुजीसाठी फाटक उघडे होते. कागदावर लिहिले होते की पुढील सोमवारपासून पायवाटेचे काम सुरू होईल. दीड फूट खोदून सिमेंटचे ठोकळे बसवले जातील. सोबत एक लहान आराखडा होता, आणि जमिनीवर त्याच आराखड्याबरहुकूम चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. वाट फाटकापासून डावीकडे नाल्याच्या कडेने वर जाणार होती, शेवटच्या ओळीपाशी उजवीकडे वळणार होती आणि त्या ओळीतल्या पहिल्या तीन दगडांच्या पायांवरून जाऊन मधल्या क्रॉसपाशी थांबणार होती. भिंतीकडच्या बाजूला चुन्याचा ठिपकासुद्धा नव्हता.

मी मावशींना ते बोटाने दाखवून समजावले. "तुमची जागा ती, भिंतीजवळची. वाट इथे क्रॉसपाशी संपते. तिकडे कोणी कुदळ लावणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्या भिंतीजवळच्या दगडापाशी गेल्या आणि त्यावरून हात फिरवून हसल्या. "बगा बाई, वाचली पोर. साहेब चांगला हाय माजा. मी याला सगलं सांगते. धाकल्या पोराचं लगीन जमलं तवा याला सांगितलं. बोलले, बाबा, तुला पत्रिका वाचता येनार नाय, पन ये."

त्या नळावर हात धुवायला गेल्या. सहलीला नेलेली मुले पुन्हा पुन्हा मोजण्याची सवय मला अजून आहे. मी दगड मोजले. अठ्ठावीस. पाटीवरही अठ्ठावीस. मोजत मोजत मी शेवटच्या ओळीच्या डाव्या टोकाला, नाल्याच्या बाजूला पोचले. तिथे आता जाळीचे कुंपण आहे. जाळीच्या अलीकडे गवतात काहीतरी पायाला लागले. घडवलेला काळा दगड होता. त्याच्यापुढे दुसरा, त्याच्यापुढे तिसरा, अगदी सरळ रेषेत, फाटकाच्या दिशेने. असे दगड आपोआप एका रेषेत पडत नाहीत. तो एका पडलेल्या भिंतीचा पाया होता.

मी तेव्हा फक्त वहीत टिपले. परत येताना रिक्षात, बोलायचे म्हणून, मी मावशींना विचारले, "ती तळाची मोठी भिंत तेव्हाही होती का हो?"

"नाय ओ! ती तर माजे मोठे पोराचे लग्नाचे वर्सी बांधली. तवा तितं नुसत्या तारा. आरपार दिसायचं. विमानवाले व्हॉलीबॉल खेलायचे नि बॉल आमचे सायबांचे अंगावर यायचा."

त्या स्वतःच हसल्या. मी वही उघडून त्या काळ्या दगडांची नोंद पुन्हा पाहिली.

एखाद्या खुणेवरून दिशा सांगायची तर ती खूण हलता कामा नये, हे मी इयत्ता सहावीला दरवर्षी शिकवत असे. यजमान "भिंत" म्हणाले तेव्हा उजव्या बाजूला भिंत नव्हतीच. भिंत डाव्या बाजूला होती, नाल्याकडे. ती पुढे पडली, आणि मावशी आत येऊ लागल्या तेव्हा उभी होती ती ही नवी भिंतच. म्हणजे "भिंतीकडून पहिला साहेब" हा ओळीच्या दुसऱ्या टोकाचा. आणि त्याच्याच पायांवरून चुन्याच्या दोन रेघा गेलेल्या होत्या.

मी मावशींना घराशी सोडले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, आज माजे डोक्यावरचा भार उतरला." सोमवारला चार दिवस होते.

मी त्यांना लगेच का सांगितले नाही, हा प्रश्न वाचक विचारतील. माझी खात्री झालेली नव्हती. अर्ध्या खात्रीने सांगणे म्हणजे एका म्हाताऱ्या बाईच्या इतक्या वर्षांच्या मेणबत्त्या चुकल्या असे सांगणे. आणि मीच चुकत असले तर? आधी पुरावा हवा होता. तो पाया पूर्ण लांबीचा आहे की एखाद्या जुन्या खोलीचा, हे मोजायला हवे होते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी एकटी गेले. बरोबर वही, पेन्सिल, पट्टी आणि शिवणाची टेप.

पुढे जे घडले तो सर्वस्वी माझ्या शिस्तीचा दोष. मी पायाचे दगड मोजले, अंतरे टेपने घेतली. नकाशा काढताना संदर्भबिंदू हवा म्हणून मी तळाची भिंत पावलांनी मोजली. कोपऱ्यातला मनोरा ही सर्वांत ठळक वस्तू, म्हणून तो चौकोनाने दाखवला, त्याच्यापासूनची अंतरे लिहिली, उत्तर दिशेचा बाण काढला, प्रमाण लिहिले आणि खाली सूचीत "टे. म्हणजे टेहळणी मनोरा" अशी नोंदही केली. मुलांच्या वहीत अशी सूची नसेल तर मी अर्धा गुण कापत असे.

"ओ मॅडम! क्या नाप रही हो?"

भिंतीच्या पलीकडून मनोऱ्यावरचा पहारेकरी विचारत होता. पन्नाशीचा, जाड मिशांचा माणूस. बंदूक खांद्याला होती, माझ्यावर रोखलेली नव्हती. तरी माझे लक्ष तिच्यावरून हलेना. मी वही पाठीमागे लपवली. याहून वाईट काही करता आले नसते.

थोड्या वेळात दोन जवान आले आणि त्यांनी मला तळाच्या फाटकाजवळच्या खोलीत नेऊन बसवले. तिथे एक पंखा, एक टेबल आणि भिंतीवर छायाचित्रणास मनाई असल्याची पाटी होती. माझे आधार कार्ड झेरॉक्ससाठी नेले, फोन एका ट्रेमध्ये ठेवायला लावला. पाणी दिले. माझ्या मनात एकच वाक्य फिरत होते: मुलीला काय सांगणार, मुलीला काय सांगणार. आलेले अधिकारी मराठी बोलणारे होते, बहुधा साताऱ्याकडचे. त्यांनी वही उघडून बराच वेळ पाहिली.

"बाई, आपण काय करता?"

"निवृत्त शिक्षिका आहे. भूगोल."

"ते दिसतंय," ते म्हणाले. "हा मनोरा कशाला काढला?"

"संदर्भबिंदू म्हणून."

"कशाचा संदर्भ?"

"मी या दफनभूमीचा इतिहास लिहिते आहे."

"इतिहासाला पावलं मोजावी लागतात?" त्यांनी वही माझ्याकडे वळवली आणि शेवटच्या ओळीच्या डाव्या टोकाशी काढलेल्या लहान वर्तुळावर बोट ठेवले. वर्तुळात मी "बाळ?" असे लिहिले होते. "हे कोण?"

इथे मला गप्प राहायला हवे होते. मी गप्प राहिले असते तर माझे काय झाले असते, मला ठाऊक नाही. कदाचित चौकी, कदाचित घरी फोन, कदाचित काहीच नाही. पण सांगितले तर काय होईल हे मला चांगले दिसत होते. लष्कराच्या जागेत, कोणत्याही नोंदीशिवाय, विनापरवाना पुरलेले मूल. ते खोदून काढतील. किंवा दुर्लक्ष करून वरून ठोकळे बसवतील. मावशींचे नाव विचारतील, त्यांच्या मुलांकडे जातील. हे सगळे दिसत असतानाही मी बोलले. मावशींसाठी बोलले असे मी पुढे स्वतःला समजावले, पण या लेखात खरे लिहायचे आहे: मी घाबरून बोलले. नाव तेवढे सांगितले नाही. त्यांनी ते तीनदा विचारले, तीनदा मी टाळले; माझ्या बाजूने जमा तेवढेच.

अधिकाऱ्यांनी ऐकून घेतले. मग पट्टी मागितली, माझीच, ती पानावर दाबून धरली आणि नकाशाचे पान सरळ फाडून घेतले. वही परत दिली.

"हे पान इथेच राहील. पुन्हा इथे मोजमाप नको. जागेचं नाव-गाव कुठे लिहू नका."

"सोमवारी काम सुरू होणार आहे," मी म्हटले.

"आराखड्याप्रमाणे होईल," ते म्हणाले आणि उठले.

संध्याकाळी मुलीला फोनवर सांगितले तर ती किंचाळली. "आई, तू वॉचटॉवरचं ड्रॉइंग काढलंस? स्केलसकट?"

"प्रमाण नसेल तर तो नकाशा होत नाही, तो नुसता आराखडा—"

"गप गं! मोबाईलच्या मॅपवर पण असल्या जागा धूसर करून ठेवतात, आणि तू त्यांना इंडेक्स करून दिलास. वाट लागली असती यार तुझी! आणि त्या मावशींचं काय?"

मावशींचे काय, हेच मला झोंबत होते. पुढचे दोन दिवस अनोळखी नंबरवरून फोन आला की मी तो वाजू देत असे. जिन्यावर बुटांचा आवाज झाला की गॅस बंद करून उभी राहत असे. पण खरी भीती गावठाणात, मावशींच्या ओट्यावर होती. रविवारी, त्या चर्चमधून परत आल्यावर, मी तिथे गेले आणि सगळे क्रमाने सांगितले: पाया, तारा, टेप, खोली, आणि मी वचन मोडले हेसुद्धा.

मावशी सुकट निवडत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

"माजं नाव?"

"नाही सांगितलं."

"मग?" त्यांनी निवडलेली सुकट एका बाजूला सारली. "मग एवढी वर्सं त्या दुसऱ्याला मेनबत्ती लावली मी."

मला वाटले त्या रडतील किंवा मला घराबाहेर काढतील. त्या म्हणाल्या, "लावली ती लावली. त्याची आई काय बोटीत बसून येनार व्हती? पन माजी पोर तिकडे कालोखान बसली ना, बाई. वाट बघत."

उद्या तिथे कुदळ पडेल, हे आम्हां दोघींनाही माहीत होते. आम्ही काय करू शकत होतो? मी अर्ज लिहू का, असे विचारले. "लिवा," त्या म्हणाल्या, "नि खाली माजं नाव टाकाल? पोरं विचारतील, आये, हे काय?" अर्ज लिहिला नाही. सोमवारी मी त्या रस्त्याने गेले नाही. मंगळवारीही नाही. मला धीर झाला नाही.

दोन नोव्हेंबरला फाटक उघडले. मावशींनी माझा दंड धरला होता, आणि कोण कोणाला आधार देत होते ते सांगणे कठीण. करड्या ठोकळ्यांची वाट नाल्याच्या कडेने वर गेली होती. शेवटच्या ओळीच्या बऱ्याच अलीकडे ती एकदम उजवीकडे वळली होती, तिरकी जाऊन क्रॉसला मिळाली होती. डाव्या टोकाच्या दगडाच्या पायांशी गवत जसेच्या तसे होते. चुन्याची एक फिकट रेघही त्यावर अजून दिसत होती.

ते कोणी केले? तिथे झाडणाऱ्या कामगाराला मी विचारले. तो म्हणाला, "नीचे पुराना पत्थर लगा मॅडम, खुदाई नहीं हुई, तो साहब बोले घुमा दो." कोणते साहब, ठेकेदार की अधिकारी, हे त्याला माहीत नव्हते. मी पुढे विचारले नाही. मनोऱ्याकडे मी पाहिलेही नाही.

मावशींनी तिथे मेणबत्ती लावली. मग हळूहळू चालत भिंतीजवळच्या दगडापाशी गेल्या आणि दुसरी लावली. "याला सवय झालीय," एवढेच म्हणाल्या. हे सर्व लिहू का, असे मी त्यांना मागच्या महिन्यात विचारले; नावे नसतील तर लिवा, असे उत्तर मिळाले.

तर माझे उत्तर असे: दगड अठ्ठावीस, माणसे एकोणतीस. पण हे उत्तर एका गृहीतकावर उभे आहे. नाल्याकडची ती भिंत त्या पहाटे उभी होती, असे मी धरले आहे. मावशींना तारा आठवतात, नाल्याकडची भिंत नक्की आठवत नाही. माझी मापे फाडलेल्या पानासोबत गेली. ती भिंत त्याआधीच पडलेली असेल आणि तारांच्या काळाबद्दल मावशींची आठवण चुकत असेल, तर मी एका आईला तिच्या मुलीपासून उठवून ओळीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवले आहे, आणि तेही माझ्या शब्दाच्या जोरावर, कारण त्यांना वाटते बाईंचे गणित चुकत नाही. दिवसातून एकदा तरी हा विचार येतोच.

म्हणून विनंती. उपनगरांच्या पूर्वेकडच्या गावठाणांत राहणाऱ्यांना जागा कोणती ते कळले असेल. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की नाल्याकडची दगडी भिंत कधी पडली. येत्या दोन नोव्हेंबरला फाटक उघडे असेल तेव्हा आत जा, टेप आणि वही घरी ठेवा, आणि शेवटच्या ओळीच्या डाव्या टोकाशी गवतात पाया आहे की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. माझ्यावर विसंबू नका. कृपया स्वतः पडताळून पाहा.